धुळ्याला आधी नळाचं वेळापत्रक द्या

धुळ्यात राहणं स्वस्त पडतं, असं सगळेच सांगतात आणि वरवर पाहता ते बरोबरही आहे. नाशिक-पुण्याच्या मानाने घरभाडं कमी. देवपुरातून आग्रा रोडला यायला दुचाकीवर दहा-पंधरा मिनिटं. वांगी, मिरची, मेथी जवळच्याच शिवारातली. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग शहरालगतच एकमेकांना छेदतात, त्यामुळे कुठेही जायचं म्हटलं तरी गाडी मिळते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला गाळण्याचे डोंगर, लळिंगचा किल्ला तर वेशीवरच. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेचार लाख. फार मोठं नाही, फार लहान नाही, माणसाला झेपेल असं शहर.

तरी शिकलेली माणसं इथे टिकत नाहीत. नोकऱ्या नाहीत हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. ज्यांची नोकरी इथेच आहे त्यांतलेही काही जण कुटुंब नाशिकला ठेवून स्वतः ये-जा करतात. विचारलं तर मुलांच्या शिक्षणाचं कारण पुढे करतात. जरा खोलात गेलं की उन्हाळा आणि पाणी बाहेर येतं. माझं म्हणणं असं, की या दोन वेगळ्या तक्रारी नाहीतच. धुळ्याचा उन्हाळा हा पाण्याचाच प्रश्न आहे, आणि पाण्याचा प्रश्न धरणातल्या साठ्यापेक्षा नळाच्या वेळेचा जास्त आहे.

आधी एका घराचा हिशेब मांडू. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं, गटार नसेल तिथे ७०, असा केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या नियमपुस्तिकेचा दंडक. १३५ धरले तर पाच माणसांच्या घराला दिवसाला ६७५ लिटर लागतात. नळ पाचव्या दिवशी आला तर एका खेपेत ३,३७५ लिटर भरून ठेवायला हवेत. नवव्या दिवशी आला तर ६,०७५. गच्चीवरची काळी टाकी बहुधा हजार लिटरची. म्हणून घर बांधताना जोत्याच्या आधी हौद खणावा लागतो: दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, पावणेदोन मीटर खोल, म्हणजे सव्वापाच हजार लिटर. त्यावर पाणी वर चढवायची मोटर, पिण्याचं पाणी गाळायला आरओ यंत्र, लग्नकार्याला टँकर, एरवी थंड पाण्याचा जार. आरओची पण गंमत आहे. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तो दोन-तीन लिटर बाहेर टाकतो, आणि ते बहुतेक घरांत सरळ मोरीत जातं. स्वस्ताईच्या हिशेबात हा रकाना कुणी भरतच नाही.

आता नळाकडे येऊ. अर्धा इंची जोडणीला बऱ्यापैकी दाब असेल तर मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी येतं. साडेतीन हजार लिटर भरायचे तर पाच तास हवेत. पाणी सोडतात दोन-अडीच तास. मग माणूस काय करणार? नळालाच टिल्लू मोटर, म्हणजे पाणी ओढणारा छोटा पंप, लावणार. एकाने लावली की शेजाऱ्याला लावावीच लागते, कारण लावली नाही तर त्याच्या तोटीतून फक्त हवा येते. गल्लीच्या शेवटच्या घरांपर्यंत पाणी पोहोचतच नाही. तिथले लोक नगरसेवकाकडे जातात, नगरसेवक व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनला फोन करतो, व्हॉल्व्ह अर्धा तास जास्त उघडा राहतो आणि पुढच्या भागाची वेळ तेवढी घसरते. रात्री दहाला येणारं पाणी अडीचला येतं. "पानी उनं का?", पाणी आलं का, हा अहिराणीतला प्रश्न मग रात्रभर गल्लीत फिरत राहतो, आणि उठून बसायचं काम बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येतं.

मोटरचा दुसरा तोटा दिसत नाही, पण तो जास्त वाईट. नळयोजनेच्या पाइपात बाहेरच्यापेक्षा दाब जास्त असतो, म्हणून फट असली तरी पाणी बाहेर गळतं, घाण आत येत नाही. मोटरने ओढायला सुरुवात केली की दाब उलटा होतो आणि पाइप बाहेरचं खेचायला लागतो. आपल्याकडे घरजोडणीचा पाइप बहुतेक ठिकाणी उघड्या गटारीला चिकटून किंवा गटारीतूनच आलेला असतो, आणि गंजलेला सांधा नेमका तिथे असतो. पहिलं दहा-पंधरा मिनिटांचं पाणी गढूळ आणि वासाचं येतं ते त्यामुळे. लोक ते गटारीत सोडून देतात. शिवाय नवं पाणी आलं की टाकीतलं उरलेलं 'शिळं' म्हणून अंगणात ओततात. भरीला कित्येक सार्वजनिक आणि काही खासगी नळांना तोटीच नाही, तिथे पाणी चालू तोवर वाहतच राहतं. कमी वेळा पाणी सोडलं म्हणजे पाण्याची बचत होते, हा समज इथेच कोसळतो.

जलशुद्धीकरण केंद्रात कितीही चांगलं क्लोरीन घातलं तरी नळाच्या तोंडाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे. मे महिन्यात तापलेल्या गच्चीवरच्या टाकीत तेवढं काही दिवससुद्धा टिकत नाही. त्यानंतर पाच-सात दिवस आपण जे वापरतो ते बिनक्लोरीनचं साठवणीचं पाणी.

आणि डेंग्यू. एडिस डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला उष्ण हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, टाक्या रिकाम्या करून कोरडा दिवस पाळा, असं आरोग्य विभाग सांगतो. सल्ला अगदी योग्य आहे. पण पाणी नवव्या दिवशी येत असेल तर सातव्या दिवशी हौद रिकामा कोण करेल? एकाच महापालिकेचा एक विभाग पाणी साठवायला भाग पाडतो आणि दुसरा ते ओतून द्यायला सांगतो. ज्यांना साठवावंच लागतं त्यांच्यासाठी एवढंच: झाकण घट्ट बसवा, हवेच्या पाइपाला बारीक जाळी बांधा, आणि टाकी रिकामी झाली की आतल्या भिंती काथ्याने घासा. अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून काही होत नाही.

आता उन्हाळा. खान्देश म्हणजे दोन डोंगररांगांमधला तापीचा खोलगट पट्टा. धुळं समुद्रसपाटीपासून साधारण अडीचशे मीटरवर, जळगाव-भुसावळ त्याहून खाली. समुद्रावरचा वारा इथवर पोचेपर्यंत कोरडा झालेला असतो, आणि एप्रिलमध्ये शेतं रिकामी झाली की काळी जमीन दिवसभर ऊन पिते. पारा ४३-४४ ला जातो, जळगाव-भुसावळकडे ४५ च्या पुढे. पण ही उष्णता कोरडी असते, आणि त्यातच तिचा उपाय आहे. दुपारी हवेत आर्द्रता १५ टक्के असेल आणि तापमान ४३ असेल, तर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा तत्त्वतः २३ अंशांपर्यंत थंड होऊ शकते. घरचा बरा कूलर तिला २८-२९ पर्यंत आणून सोडतो. वीज लागते एसीच्या कितीतरी कमी. चिपळूण-रत्नागिरीला हे जमणार नाही, इथे जमतं. जूनच्या सुरुवातीला ढग भरून आले की तोच कूलर चिकट वारा फेकतो, पण ते दिवस थोडे.

मेख अशी की कूलर पाणी पितो. तासाला तीन हजार घनमीटर हवा फेकणारा कूलर ती १२ अंशांनी थंड करत असेल, तर तासाला सोळा लिटरच्या आसपास पाणी उडून जातं. छोटा कूलर, कमी वेग धरला तरी दहा. रात्रीचे आठ तास चालवला तर ८० ते १२८ लिटर, म्हणजे एका माणसाचा जवळजवळ अख्खा दिवसाचा कोटा. जिथे प्यायचं पाणी मोजून काढतात त्या घरात कूलर भरताना हात आखडतो. मग ज्याला परवडतं तो एसी घेतो, त्याची गरम हवा गल्लीत सोडतो, आणि ज्याला परवडत नाही तो पंख्याखाली भाजत झोपतो. उन्हाळ्याचा प्रश्न पाण्याचा आहे म्हणतो तो या अर्थाने.

कूलरचंच निघालं म्हणून: खोलीची समोरची खिडकी हातभर उघडी ठेवल्याशिवाय तो काम करत नाही, बंद खोलीत अर्ध्या तासात दमटपणा भरतो. बोअरच्या पाण्यावर चालवला तर कूलरचं गवत महिन्या-दीड महिन्यात पांढरं आणि कडक होतं, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. तीन-चार दिवसांनी टाकीतलं उरलेलं पाणी काढून टाकायला हवं, ते झाडांना चालतं.

घरं बदलली तीही आगीत तेल ओतणारी. जुनी धाब्याची घरं जाड मातीच्या भिंतींची आणि वर मातीच्या थराच्या छपराची. दुपारची उष्णता आत उतरायला रात्र व्हायची, आणि तोवर माणसं धाब्यावर झोपायला गेलेली असायची. आता चार-पाच इंची स्लॅब दुपारी तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत बसतो. होळीच्या सुमारास गच्ची झाडून, विझवलेल्या चुन्यात थोडं पांढरं सिमेंट आणि चिकटपणासाठी फेविकॉल घालून दोन हात दिले, तर खालच्या खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडतो. पावसात तो धुऊन जातो, दर वर्षी करावा लागतो. महापालिकेने झोपडपट्टीतल्या पत्र्यांपासून सुरुवात करून हा चुना फुकट वाटला, तर चौक सुशोभीकरणाच्या एका कामाच्या पैशात पुष्कळ छपरं निघतील.

हद्दवाढीत आलेल्या वलवाडी, महिंदळे, अवधान या बाजूंना बोअरवर भिस्त जास्त. त्या बोअरचाही भरवसा नाही, आणि त्याचं कारण जमिनीखाली आहे. धुळे-नंदुरबार भागात बेसाल्टच्या थरांना उभ्या छेदून गेलेल्या कठीण दगडाच्या लांबच लांब भिंती आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात, आणि हा पट्टा त्यासाठी जाणकारांत प्रसिद्ध आहे. काही ठिकाणी त्या टेकाडासारख्या वर दिसतात, काही ठिकाणी गाडलेल्या असतात. अशा भिंतीच्या एका अंगाला भूजल अडून राहतं आणि दुसऱ्या अंगाला तीनशे फुटांवरही नुसती धूळ उडते. एकाच कॉलनीत एका प्लॉटला पाणी आणि शेजारच्याला नाही, ते नशीब नव्हे. नारळ फिरवणाऱ्याला पैसे देण्याआधी भूजल सर्वेक्षण विभागाकडून भिंतीची दिशा समजून घ्यावी.

मग शहराला पाणीच कमी आहे का? पांझरा नदी साक्री तालुक्यात पिंपळनेरकडच्या डोंगरात उगम पावते, साक्रीजवळ कान नदी तिला मिळते. तिच्यावर वर लाटीपाडा धरण, खाली अक्कलपाडा. नकाणे आणि हरणमाळ हे तलाव पांझरेच्या पाण्यावर भरतात, डेडरगावचा तलाव आहे, आणि सुलवाडे बॅरेजमधून तापीचं पाणी येतं. स्वतः धुळ्यात पाऊस वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर, पण डोंगर आपल्यासाठी पाणी गोळा करून देतात. शिवाय अक्कलपाडा शहराच्या वरच्या अंगाला असल्याने तिथलं पाणी उताराने आणता येतं. तापीचं पात्र मात्र बरंच खाली. हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला नुसत्या उंचीपोटी पाव युनिटाहून जास्त वीज लागते, पंपाची घट आणि पाइपातलं घर्षण धरलं की ती अर्ध्या युनिटाकडे जाते. वीज गेली की पंप बंद, अचानक थांबलेल्या पाण्याचा दणका बसून जुना पाइप फुटतो, आणि रिकामी झालेली वाहिनी पुन्हा भरेपर्यंत दिवस जातो. डोंगराचं पाणी आधी आणि तापीचं टंचाईत, हा क्रम सोडू नये.

तेव्हा स्रोत आहेत. नाही ती पाळी. आणि पाळी कशी लावायची हे या खोऱ्याला कोणी शिकवायला नको. पांझरा, मोसम या नद्यांवर शतकानुशतकं फड पद्धत चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड म्हणजे तुकडे, प्रत्येक फडात एका हंगामाला एकच पीक, आणि पाणी द्यायला पाटकरी. पाणी कमी असलं तर एखादा फड त्या वर्षी पडीक, पण तो कोणता हे सगळ्यांना आधी माहीत. पाटकरी गावाने नेमलेला, त्याला धान्य गावाने द्यायचं, आणि शेतकऱ्याने स्वतः दार उघडायचं नाही हा नियम. पाणी कमी पडलं तरी व्यवस्था मोडली नाही, कारण आपली वेळ येणार याची खात्री होती. माणूस हावरटपणाने साठवतो तो बहुतेक वेळा पुढची खेप कधी, हे माहीत नसतं म्हणून. मोटरीमागेही तेच आहे.

"रोज पाणी देऊ" हे प्रत्येक निवडणुकीतलं आश्वासन म्हणूनच मला पोकळ वाटतं. रोज, कोणत्या वेळी, किती दाबाने, शेवटच्या घराला किती, हे त्यात नसतं. ठरलेल्या तासाला दिवसाआड येणारं पाणी हे कधीही येणाऱ्या रोजच्या पाण्यापेक्षा बरं. दिवसाआड म्हणजे घराला १,३५० लिटर साठवण पुरे. हौद नको, दुसरी टाकी पुरते. कोरडा दिवस पाळता येतो. कूलर भरताना हात आखडत नाही. दोन खेपांच्या मधे पाइप रिकामा राहतो तोवर गटारीची भीती पुरती जात नाही, ती चोवीस तास दाब ठेवल्यावरच जाईल. पण तिथवरचा रस्ता याच पायरीवरून जातो.

करायचं काय तर सुरुवात एका जलकुंभापासून. त्याच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वाहिनीवर मीटर बसवा. त्याखालच्या प्रत्येक नळाला तोटी आहे याची खात्री करा, नसेल तिथे महापालिकेने लावावी.  मग रात्री सगळ्यांच्या टाक्या भरल्यावर दोन ते चारच्या दरम्यान वाहिनी चालू ठेवून जलकुंभाची पातळी मोजा. पंधरा मीटर व्यासाच्या कुंभात एक सेंटीमीटर घट म्हणजे जवळपास १,७७० लिटर. त्या दोन तासांत जे उतरलं ते बहुतांश गळती, आणि ती कोणत्या गल्लीत आहे ते एकेक व्हॉल्व्ह बंद करत गेलं की कळतं. गळती काढल्यावर शेवटच्या घराचा दाब मोजायचा. तिथे तळमजल्याच्या नळाला बादली दीड मिनिटात भरली तर गल्लीत मोटरीची गरज उरत नाही, आणि तेव्हाच मोटरी जप्त करायला तोंड उरतं. आधी जप्ती आणि मग दाब, हा उलटा क्रम अनेकदा करून झाला, दोन आठवड्यांत मोटरी परत लागतात.

व्हॉल्व्हमन हा यातला सगळ्यांत महत्त्वाचा माणूस, आणि बहुधा सगळ्यांत कमी पगाराचा. त्याच्याकडे वही हवी: व्हॉल्व्ह नंबर, किती आटे उघडला, किती वाजता, किती वाजता बंद. वेळेत फेरफार करायचा तर लेखी आदेश हवा, फोन चालणार नाही. वेळापत्रक गल्लीच्या तोंडावर पाटीवर लिहिलेलं असावं. ज्या शहराच्या जुन्या भागात इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने १८१९ पासून सरळ आखलेल्या गल्ल्या आजही नंबराने ओळखल्या जातात, तिथे गल्लीवार वेळ लिहिणं अवघड नसावं.

भुयारी गटारीचा आग्रह धरणाऱ्यांनीही हे बघावं. गटारीच्या पाइपात मैला वाहून जायला पाण्याचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटर तरी लागतो. घरात पाणीच मोजून वापरलं जात असेल तर तो वेग मिळत नाही, गाळ बसतो आणि चेंबर तुंबतात. रस्ते दोनदा खोदायचे नसतील तर गटारीआधी, निदान गटारीबरोबर, पाण्याची पाळी सुधारली पाहिजे. झाडांचंही तेच. जुलैत लावलेल्या कडुनिंबाला पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा लिटर पाणी लागतं. नवव्या दिवशी नळ येणाऱ्या वस्तीत ते कोणी घालत नाही, आणि वृक्षारोपणाचे पिंजरे एप्रिलमध्ये रिकामे दिसतात.

जळगावलाही वाघूरचं धरण आहे, महापालिकेची सतरा मजली इमारत आहे, आणि नळ तिथेही रोज येत नाही. तेव्हा हे एका शहराचं दुखणं नाही. पण धुळ्याला डोंगराचं उताराचं पाणी जवळ आहे, म्हणून सुरुवात इथे सोपी.

पैशाचं काय, असा प्रश्न येईलच. पाणीपट्टी वर्षाची ठोक आहे. पाणी साठ वेळा आलं काय, चाळीस वेळा आलं काय, आकडा तोच. म्हणून लोक भरायला टाळाटाळ करतात आणि थकबाकी वाढते. पट्टी खेपांशी जोडावी. वर्षाच्या खेपा आधी जाहीर कराव्यात, चुकलेल्या प्रत्येक खेपेमागे तेवढा भाग पुढच्या बिलात आपोआप वजा व्हावा, अर्ज करायला लावू नये. मग पट्टी वाढवली तरी लोक भरतील, आणि चुकलेल्या खेपेची झळ प्रथमच अर्थसंकल्पात दिसेल. टँकरवाले आणि जारवाले याला विरोध करतील, ते साहजिक आहे. ज्यांचा फोन गेला की व्हॉल्व्ह उघडतो त्यांचा विरोध जास्त कडवा असेल. पहिला जलकुंभ निवडताना म्हणूनच त्यांची कॉलनी टाळावी आणि ज्याच्या शेवटच्या टोकाला आज नुसती हवा येते तो घ्यावा.